मंडपवाल्यानं मोकळी ठेवलेली जागा

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोटं बोलत होतो. कराडच्या स्टँडासमोर चहाच्या टपरीवर पाच-सहा जण गोळा करून, कृष्णेला पूर आला होता त्या साली मी भरलेली एस.टी. पोहत पलीकडं कशी नेली ते सांगत होतो. गाडी ड्रायव्हर चालवतो आणि मी कंडक्टर होतो, ही गोष्ट अजून कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पाणी खिडकीला लागलं होतं, एका म्हातारीच्या पाटीतल्या कोंबड्या उडून माझ्या डोक्यावर बसल्या होत्या, आणि गाडी पुलाच्या अगदी मधोमध आली होती... तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आण्णाचा मुलगा सुहास होता. “काका, आण्णा गेलं,” म्हणाला. सकाळी आवारातल्या कट्ट्यावर चहा पिऊन बसला, तो बसल्या जागीच गेला. कप सरळ होता म्हणे, सांडला नव्हता. मी उठलो. मागनं कुणीतरी विचारलं, “मास्तर, गाडीचं काय झालं?” ती गाडी अजून पुलावरच उभी आहे. पुढं न्यायला तोंडच उघडत नाही.

मी कराड-सांगली गाडीवर तीस वर्षं कंडक्टर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळं एक दिवसही फळ्यासमोर उभा न राहता मी मास्तर झालो. आवाज मोठा, जीभ सैल, म्हणून जिथं माइक लागायचा तिथं मला बोलवायचे. आणि माइक लागायचा तिथं मंडप लागायचा, आणि मंडप लागायचा तिथं वसंतआण्णा. अशी आमची दोस्ती. विट्याच्या रस्त्याला त्याचं आवार. पत्र्याची शेड, शेडीत बांबू, वासे, पडदे, गाद्या, खुर्च्यांच्या चळती, आणि पुढं मोकळं अंगण. स्टेज घालावं तर आण्णानंच. त्याच्या स्टेजवर हत्ती नाचला असता तरी फळी करकरली नसती. हत्ती कुणी आणला नाही, पण आमच्या भागातले पुढारी त्यावर नाचून गेलेत आणि तेही काही वजनाला कमी नव्हते. बांबूला काथ्याची दोरी आवळून तो एक गाठ मारायचा. ओढाल तेवढी घट्ट व्हायची, आणि सुटायची वेळ आली की एका ठरावीक टोकाला हिसका दिला की दोरी आपोआप हातात. ते टोक कुठलं हे त्याला आणि त्यानं शिकवलेल्यालाच माहीत.

हा माणूस डोंगरात गेला तो बांबू आणायला. वीसेक वर्षं झाली असतील. पाटणच्या वरच्या अंगाला, जिथं रस्ता संपतो आणि त्याच्याही पुढं तासभर चढ आहे, तिथं धनगरांची एक वाडी आहे. दहा-बारा घरं, म्हशी, नाचणीची उतारावरची वावरं. त्या दिवशी तिथं बिरोबाची यात्रा होती. परत आला तो बांबू विसरून. माझ्या गाडीत चढला, सांगलीपर्यंत उगाच बसून आला आणि उगाच परत आला. मला म्हणाला, “मास्तर, मधी ढोल हाय, भवतीनं मानसं हायती, हातात रुमाल. ढोलाच्या टिपरीकडं बघत्यात नि सोळा जनांचा पाय एकदम पडतोय. सोळा न्हाई, एकच मानूस हाय असं वाटतंय गड्या.” मी म्हणालो, “सोळाचं बत्तीस कर, ऐकायला बरं वाटंल.” तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्यानं ठरवलं, ही माणसं कराडनं बघायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुठली संस्था नव्हती, वर्गणी नव्हती. आपला टेम्पो पाठवला, आपल्या घरी स्वयंपाक लावला, आणि मैदानात आयुष्यात घातलं नसेल असं स्टेज घातलं. मखमली पडदा, झालर, खाली लाल गालिचा, समोर खुर्च्यांच्या रांगा. दुपारी टेम्पोतनं सोळा जण उतरले. म्होरक्या होता जानूमामा, वाडीचा ढोलवाला. त्यानं स्टेजकडं खालून वर बघितलं, मग वरून खाली बघितलं, आणि आण्णाला विचारलं, “आवं, ह्ये कशापायी?”

“तुमच्यापायीच,” आण्णा अभिमानानं म्हणाला.

चढले बिचारे. मधे ढोल, भोवतीनं माणसं, झाला गोल... आणि पुढच्या रांगेला दिसल्या त्या आठ पाठी. लोक ओरडायला लागले, तोंड इकडं करा, तोंड इकडं करा. आणि माइकवर होतो मी. मी माझ्या दणदणीत आवाजात सांगितलं, “मंडळी, प्रेक्षकांकडं तोंड करून नाचा!” ती साधी माणसं, यजमानानं सांगितलं म्हणून वळली. ढोलाची टिपरी दिसेना. खाली फळ्या पोकळ, पाय पडला की त्याचाच वेगळा ढोल वाजायला लागला. ठेका फाटला. एक जण दुसऱ्यावर आदळला, रुमाल पायात आले, लोक हसले. जानूमामानं ढोल थांबवला. खाली उतरून ढोल पाठीला मारला आणि फक्त एवढंच म्हणाला, “ढोलाला पाठ दिऊन न्हाई नाचता येत मास्तर. तिकडं द्येव हाय.”

असली चूक मंडपवाल्याच्याच हातनं व्हावी. मान द्यायचा म्हणजे उंच बसवायचं, एवढंच त्याला जन्मभर ठाऊक. त्या संध्याकाळी आण्णानं माणसं लावली नाहीत, स्वतः एकट्यानं ते स्टेज उतरवलं, फळी न् फळी. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी जानूमामाला परत घेऊन आला. त्यासाठी चार वेळा डोंगर चढला, असं तो सांगायचा. मी सांगताना चाळीस वेळा सांगतो. या वेळी मैदान नाही, आपल्या आवारातलं अंगण. मुरूम टाकून, शेणानं सारवून एक गोल केलेला. मधे ढोल, ढोलाभोवती नाचणारे, आणि नाचणाऱ्यांच्या भोवती लोक, जमिनीवर, मांडी घालून. स्टेज नाही, खुर्ची नाही, बॅनर नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. सकाळी गार हवेनं ढोलाचं कातडं सैल पडतं, ते काटक्यांच्या जाळावर तापवायला लागतं. ते कामही आण्णा मामाकडनं शिकला. एकदा एका पुढाऱ्यानं निरोप धाडला, मी येतो म्हणून. आण्णा म्हणाला, “या की, बसायला रग्गड भुई हाय.” ते आले, बसले, आणि उठवायला तिघं लागले.

मग जतकडनं, आटपाडीकडनं ओव्या म्हणणारे यायला लागले. मेंढरं राखणारी, कोरड्या मुलखातली माणसं. डोंगरातले आणि माळावरचे त्या गोलात पहिल्यांदा एकमेकांना भेटले. सकाळी सुरू व्हायचं आणि दिवस मावळताना थांबायचं. आण्णा स्वतः कधी काही बोलला नाही. दाराशी उभा राहून आलेल्याच्या चपला ओळीत लावायचा.

बोलायचं काम माझं. आणि माझ्या बोलण्याचं काय झालं तेही सांगून टाकतो, कारण आण्णाची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. तिसऱ्या वर्षी मी रंगात आलो. जानूमामाची ओळख करून देताना म्हणालो, या ढोलाला वाघाचं कातडं आहे, मामांच्या आज्यानं वाघ नुसत्या हातानं मारला, आणि वाडीत टिपरी पडली की सांगलीत भांडी वाजतात. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एकानं मामाला विचारलं, “खरं व्हय?” मामाला खोटं बोलताच येत नव्हतं. तो म्हणाला, “न्हाई जी, बोकडाचं हाय.” आणि अख्खं अंगण हसलं. माझ्यावर नाही, त्याच्यावर. मामा त्यानंतर वाजवत राहिला, पण मान खाली घालून.

कार्यक्रम झाल्यावर आण्णानं मला शेडीच्या मागं बोलावलं. आवाज चढवला नाही. “मास्तर, तू बोलतोस तवा मानसं तुझं ऐकत्यात. ती आल्यात त्येंचं ऐकाय. हितनं पुढं नाव सांगायचं, गाव सांगायचं, आन खाली बसायचं.”

“एवढंच?”

“लय झालं.”

मी दोन महिने रुसलो. खरं म्हणजे चार दिवस. पण तेव्हापासून दरवर्षी मी उभा राहायचो, नाव सांगायचो, गाव सांगायचो आणि बसायचो. बाहेर जगभर मोकाट सुटलेली माझी जीभ त्या एका अंगणात दावणीला बांधल्यासारखी असायची. आता वाटतं, आयुष्यात मी सगळ्यांत चांगलं बोललो ते तिथंच.

त्या गोलावर आण्णाचा केवढा जीव! लग्नसराईत शेड ओसंडायची. खुर्च्या, गाद्या, कमानी ठेवायला जागा नसायची. पण गोलात एक वासा टेकवू द्यायचा नाही. खुर्च्यांच्या चळती रस्त्याकडेला पावसात भिजायच्या आणि गोल मोकळा. सुहास त्यावरनं वैतागायचा. धंदा तोच सांभाळायचा, भिजलेल्या गाद्या त्यालाच वाळवायला लागायच्या. एकदा मला म्हणाला होता, “काका, आण्णांला डोंगरातली समदी मानसं ठावं हायती. मला एकदा तरी वर न्हेलंय का इचारा.” मी विचारलं होतं. आण्णा म्हणाला, “त्येला कामं लय असत्यात रं. बोलावू कवातरी.” ते कवातरी राहूनच गेलं...

तेराव्याला सुहासनं शोकसभा ठेवली. बापासाठी त्यानं काही कमी केलं नाही. आण्णाचा फोटो पाच फुटांचा, फुलांची कमान, पांढरे पडदे, आणि स्टेज. शेड मालानं भरलेली, बाकी अंगणात खुर्च्या, म्हणून स्टेज आलं ते गोलावर. मी आल्या आल्या बघितलं. पण सुहास आलेल्यांना हात जोडत होता आणि समोर माइक होता. आणि खाली बसायला सांगणारा फोटोत होता. मी पाऊण तास बोललो. आण्णाला मी वाघाशी झुंजवला, पुरातनं पोहवला, आणि त्याच्या हातची गाठ सोडवायला परदेशातनं माणसं आली होती असंही बोलून गेलो. लोक रडले, हसले. नंतर सुहासनं माझा हात धरला आणि म्हणाला, “काका, स्टेज हितंच ठेवतो. दिवाळीनंतरचा कार्यक्रम औंदा ह्यावरच करू. आण्णांच्या नावानं, मोठा. तुमीच बोलायचं, पायजे तेवढं.” मी हो म्हणालो. ढोलाला पाठ देऊन नाचता येत नाही, हे वीस वर्षांपूर्वी ऐकलेलं मी... हो म्हणालो.

आमंत्रण द्यायला मी वाडीवर गेलो. तिथं फोनला रेंज नाही, निरोप चालतच न्यावा लागतो. चढताना सोळा ठिकाणी बसलो. जानूमामा आता ऐंशीच्या घरात. दारात घोंगडं पांघरून बसला होता. मी आढ्याकडं बघितलं. ढोल नेहमी खुंटीला असतो, तो आढ्याला टांगलेला, काळ्या घोंगड्यात गुंडाळून दोरीनं आवळलेला.

“मामा, ढोल बांधला?”

“सुतक हाय.”

“कुनाचं? घरात कोन...?”

मामानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी एवढा शहाणा असून हे विचारतोच कसा. “आण्णाचं,” म्हणाला.

त्यानं मग सावकाश सांगितलं. त्यांच्यात ढोलाच्या घरचं माणूस गेलं की ढोल बांधतात. सुतक फिटलं की गेलेल्याच्या घरातला वडील माणूस येतो आणि स्वतःच्या हातानं सोडतो. तोवर ढोल वाजत नाही, यात्रा असली तरी नाही. “दूधवाल्यानं सांगटलं तवाच बांधला. तेराव्याला आमी सात जन खाली आलतो.”

“आलता? मग दिसला न्हाई ते!”

“दारात हुतो. आत समद्या खुरच्या. भुईवर बसाय जागा न्हवती.” घोंगडं खांद्यावर ओढलं. “गोलात फळ्या टाकल्या हुत्या. तुमी बोलत हुता. ज्येचं सांगत हुता त्यो आण्णाच हाय का दुसरं कोन, कळंना. म्हनून माघारी आलो.”

मला वाटलं, त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, आता ढोल सोडा, सुतक कधीच फिटलं. तो मान हलवत राहिला. “आमी न्हाई सोडनार. त्येच्या घरच्यानं सोडायचा. न्हाई आलं कोन, तर ऱ्हाईल तसाच.” बिरोबाची यात्रा पौषात. वाडीत दुसरा ढोल नाही.

उतरलो तो थेट आवारात. सुहास स्टेजच्या कमानीला रंग देऊन घेत होता. मी सगळं सांगितलं, अगदी घडलं तसं. त्यानं ऐकून घेतलं आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, “ढोलाला सुतक? काका, आता आण्णांवरबी थापा? परवा वाघ झाला, बास की. सीझन तोंडावर आलाय, मला डोंगर चढाय सवड न्हाई.”

त्याचं काय चुकलं? आयुष्यभर मी नाणं खोटं चालवलं, आणि ज्या दिवशी खरं काढलं त्या दिवशी कुणी हातात घेईना. माझ्या मनात आलं, आता रंगवून सांगावं. मामा मरणाला टेकलाय म्हणावं, वाडीची बायापोरं रडतायत म्हणावं... ते सगळं जिभेवर तयार होतं. पण शेडीच्या मागची ती जागा दिसली, जिथं आण्णानं मला उभं केलं होतं. मी म्हणालो, “नाव जानू. गाव, पाटणच्या वरची धनगरवाडी. ढोल बांधलाय, तुझी वाट बघतोय.” आणि स्टेजच्या कडेला भुईवर खाली बसलो. पुढं एक शब्द नाही.

सुहास माझ्याकडं बघत राहिला. दिवाळीनंतरचे ते रविवार सोडले तर लहानपणापासून त्यानं मला एवढ्यात थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. रंगारी थांबला. सुहास म्हणाला, “उद्या सकाळी निघू. चपला न्हाई, बूट घाला काका, घसरशीला.”

आम्ही गेलो. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला सुहास धापा टाकत चढत होता. मी या वेळी कुठंही बसलो नाही, हे मात्र खरं आहे. वाडीत सगळी माणसं जमली होती, बाया दाराशी उभ्या होत्या. जानूमामानं सुहासच्या तोंडावरनं हात फिरवला, ढोल आढ्यावरनं काढून त्याच्यापुढं ठेवला. सुहासनं दोरीला हात लावला आणि थबकला. बोटं गाठीवरनं फिरवली. परत फिरवली.

“ही आण्णांची गाठ हाय,” तो म्हणाला.

“त्येनंच शिकीवली,” मामा म्हणाला. “पुराच्या साली माज्या छपराचा वासा बांधला तवा. म्हनला, माज्या पोरालाबी हीच शिकीवलीया.”

सुहासनं ते टोक शोधलं. हिसका दिला. दोरी त्याच्या हातात आली आणि घोंगडं आपोआप उलगडलं. तो तिथंच ढोलावर डोकं टेकून बसला... बापाच्या तेराव्याला न आलेलं रडू त्याला त्या वाडीत आलं. कुणी त्याला गप्प केलं नाही. मग मामानं काटक्या पेटवल्या, कातडं तापवलं, आणि टिपरी एकदाच मारली. फक्त एकदा. “बास,” म्हणाला. “बाकीचं खाली.”

सांगलीत भांडी वाजली की नाही मला माहीत नाही. मी चौकशी केलेली नाही.

परवा मी आवारात गेलो होतो. स्टेज उतरलंय. सुहासनं माणसं न लावता उतरवलं. खाली फळ्यांनी दबून गोलाची माती काळी पडली होती, ती त्यानं उकरली, नवा मुरूम टाकला, वाडीतल्या दोघी बाया येऊन सारवून गेल्या. लग्नाचा माल यायला सुरुवात झालीय, खुर्च्यांच्या चळती फाटकाबाहेर रस्त्याकडेला लागल्यात. मी कट्ट्यावर बसलो होतो, जिथं तो कप सरळ राहिला होता. एक नवा कामगार चार खुर्च्या घेऊन सरळ गोलात निघाला. सुहास शेडीतनं ओरडला, “आरं ए, तिथं न्हाई! तिथं ढोल बसतोय.” आवाज हुबेहूब आण्णाचा. मी मान वळवून बघितलं, तो नाही हे माहीत असताना.

येत्या रविवारी माइक माझ्याकडंच आहे. मामाचं नाव, मामाचं गाव. ओवीवाल्यांचं नाव, त्यांचं गाव. त्यांच्या आधी एक नाव घ्यायचं आहे. आठ दिवस घरात घोकतोय आणि दर वेळी त्याच्यापुढं काहीतरी लावावंसं वाटतं. लावणार नाही.

वसंत मंडपवाला. गाव कराड.

आणि खाली बसणार आहे.